फ्रेंच क्रियापदांचे उच्चार आणि लेखन वारंवार का चुकते : अवयव कानाने पाडण्याची पद्धत

फ्रेंच शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला एक अडचण पहिल्या वर्षी भेटते, दुसऱ्या वर्षी ती सुटल्यासारखी वाटते आणि नवा काळ किंवा नवे क्रियापद समोर आले की पुन्हा डोके वर काढते. 'ते बोलतात' या अर्थाचे 'इल् पार्ल्' हे रूप पुस्तकात दिसले की तो 'इल् पार्लां' असे वाचतो, कारण शेवटची ई-एन-टी ही अक्षरे त्याला गप्प बसू देत नाहीत. 'मी विकत घेतो' हे 'जाशॅत्' लिहिताना तो ई या अक्षरावरची तिरकी रेघ विसरतो आणि 'आम्ही विकत घेतो' हे 'नूझाश्तों' लिहिताना नेमकी तीच रेघ नको तिथे देतो. भविष्यकाळात गेल्यावर हे सगळे पुन्हा उलटे होते. दिसायला या निरनिराळ्या चुका आहेत आणि बहुतेक वर्गांत त्यांच्यावर निरनिराळे नियम पाठ करायला सांगितले जातात. माझ्या मते त्यांचे मूळ एकच आहे: विद्यार्थी शब्दाचे अवयव डोळ्याने पाडतो, आणि फ्रेंच क्रियापदांची व्यवस्था मात्र कानाला ऐकू येणाऱ्या अवयवांवर उभी आहे.

पुढे जाण्यापूर्वी लेखनाचे संकेत सांगणे आवश्यक आहे. अवयव म्हणजे एका स्वराभोवती एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा. अवयवांच्या सीमा मी आडव्या रेघेने दाखवल्या आहेत. पाय मोडलेले व्यंजन स्वराशिवाय उच्चारायचे आहे, आणि अनुस्वार असलेला स्वर नाकातून काढायचा आहे, त्याच्या मागे न किंवा म लावायचा नाही. 'झ' हे चिन्ह 'जग'मधल्या दंत्य ज च्या जवळच्या घर्षक ध्वनीसाठी आणि 'ज' हे 'जेवण'मधल्या तालव्य ज च्या जवळच्या ध्वनीसाठी वापरले आहे. दोन्ही वेळा जीभ टेकवायची नाही. रोमन अक्षरांची नावे आपण इंग्रजीत घेतो तशीच घेतली आहेत.

फ्रेंचमध्ये अवयव पाडण्याचा पाया सोपा आहे. दोन स्वरांच्या मध्ये एकच व्यंजन असेल, तर ते पुढच्या स्वराकडे जाते. दोन व्यंजने असतील तर एक मागे राहते आणि एक पुढे जाते. मात्र दुसरे व्यंजन ल किंवा र असून पहिले प, ब, त, द, क, ग, फ, व्ह यांपैकी असेल, तर ती जोडी फुटत नाही. म्हणून 'पार्-लों' असे तुटते, पण 'आम्ही दाखवतो' हे 'मों-त्रों' असे तुटते. हे सगळे उच्चारलेल्या ध्वनींना लागू आहे, कागदावरच्या अक्षरांना नाही, आणि गोंधळाची सुरुवात इथूनच होते.

शेवटची ई-एन-टी

'पार्ले' म्हणजे बोलणे. त्याच्या वर्तमानकाळात लिहिण्याची पाच वेगळी रूपे आहेत, पण ऐकू येणारी रूपे तीनच आहेत. मी, तू, तो आणि ते या चारही कर्त्यांबरोबरचे रूप 'पार्ल्' असे एकाच अवयवाचे आहे. आम्ही आणि तुम्ही यांच्याबरोबर मात्र 'पार्-लों' आणि 'पार्-ले' असे दोन अवयव होतात. तृतीय पुरुषी अनेकवचनातली ई-एन-टी ही अक्षरे फक्त डोळ्यांसाठी आहेत. नियम एवढाच आहे, आणि तो पहिल्याच महिन्यात सांगितलाही जातो, तरी चूक टिकून राहते. याची मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण छापील मजकुरात आहे. ओळ संपताना शब्द तोडायची वेळ आली, तर फ्रेंच मुद्रक हा शब्द आर आणि एल यांच्या मध्ये तोडतो, कारण लेखनात त्याचे दोन तुकडे मानले जातात. फ्रान्समधल्या प्राथमिक शाळांतही मुलांना बोललेला अवयव आणि लिहिलेला अवयव हे वेगळे शिकवतात. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत हा भेद क्वचितच स्पष्ट केलेला असतो.

दुसरे कारण कानावर पडणाऱ्या फ्रेंचमध्ये आहे. दक्षिण फ्रान्समधले लोक शब्दाच्या शेवटचा ई हलकासा उच्चारतात, आणि गाण्यात चालीला जागा हवी असली की उत्तरेकडचे गायकही उच्चारतात. अभिजात पद्यात, म्हणजे बारा अवयवांच्या आलेक्सांद्रॅं ओळीत, 'पार्ल्' हे अनेकवचनी रूप ओळीच्या आत आले तर त्याचे दोन अवयव मोजतात, आणि ओळीच्या शेवटी आले तर तो शेवटचा ई मोजत नाहीत. कविता आणि गाणी ऐकून शिकणे चांगलेच आहे, पण तिथला 'पार्-ल' उचलून बोलण्यात आणला की चूक पक्की होते.

तिसरे कारण आपल्या वहीत आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. मराठी विद्यार्थी फ्रेंच उच्चार देवनागरीत टिपून ठेवतो आणि 'पार्ल' असे पाय न मोडता लिहितो. मराठीत 'घर', 'फूल' अशा शब्दांचा शेवटचा अ आपण उच्चारत नाही, पण शेवटी जोडाक्षर असेल तर उच्चारतो: 'धर्म', 'चंद्र', 'पुत्र' या शब्दांत तो अ स्पष्ट ऐकू येतो. म्हणून 'आपॅल' असे टिपलेले रूप विद्यार्थी बरोबर वाचतो आणि 'पार्ल', 'रॅस्त', 'मोंत्र' ही टिपणे वाचताना त्याच्या तोंडी शेवटी अ येतो. त्याला फ्रेंचचा नियम ठाऊक असतो; त्याच्यावर कुरघोडी करते ती मराठी वाचनाची सवय. उपाय हा की देवनागरीत टिपण करायचेच असेल, तर शेवटच्या व्यंजनाचा पाय प्रत्येक वेळी मोडावा. पाय मोडायला क्षणभरही लागत नाही आणि त्याने पुष्कळ चुका जागीच थांबतात.

आता उलट बाजू. प्रत्येक ई-एन-टी मुका नसतो. नामात, विशेषणात आणि क्रियाविशेषणात तो अनुनासिक 'आं' होतो. 'प्रे-झि-दां' म्हणजे अध्यक्ष आणि तीन अवयव; 'प्रे-झिद्' म्हणजे ते अध्यक्षस्थानी असतात आणि दोनच अवयव; लेखन मात्र अक्षरशः एक. 'कों-तां' म्हणजे समाधानी आणि 'कोंत्' म्हणजे ते गोष्ट सांगतात. फ्रेंच मुलांना यासाठी एक वाक्य ऐकवतात: 'ले पूल् द्यु कू-व्हां कूव्ह्', म्हणजे मठातल्या कोंबड्या अंडी उबवत आहेत. त्यातले शेवटचे दोन शब्द कागदावर हुबेहूब सारखे आहेत. हे वाक्य फळ्यावर लिहून दोन्ही शब्दांखाली त्यांच्या अवयवांची संख्या लिहायला सांगावी. दोन आणि एक असे आकडे स्वतःच्या हाताने लिहिल्यावर विद्यार्थ्याला पुढे फारसे समजवावे लागत नाही.

क्रियापदातही एक अपवाद दिसतो, तो म्हणजे 'तो येतो' हे 'इल् व्यॅं', 'त्याला जाणवते' हे 'इल् सां' आणि 'तो खोटे बोलतो' हे 'इल् मां'. इथे कर्ता एकवचनी आहे आणि ई-एन हा धातूचाच भाग आहे, प्रत्यय फक्त टी एवढाच. तेव्हा शंका आली की आधी कर्ता पाहावा: 'इल्' (तो, ते) किंवा 'ॲल्' (ती, त्या) या सर्वनामाच्या शेवटी लेखनात एस असेल, तर क्रियापदाचा ई-एन-टी निःशंकपणे मुका समजावा.

अनेकवचनात परत येणारे व्यंजन

ई-एन-टी मुका असला तरी तो निरुपयोगी नाही. त्यातल्या ई मुळे धातूचे शेवटचे व्यंजन ऐकू येते आणि अवयव बंद होतो. 'तो निघतो' हे 'पार्', 'ते निघतात' हे 'पार्त्'. 'तो झोपतो' 'दोर्', 'ते झोपतात' 'दोर्म्'. 'तो विकतो' 'व्हां', 'ते विकतात' 'व्हांद्'. 'तो संपवतो' 'फि-नि', 'ते संपवतात' 'फि-निस्'. अवयवांची संख्या दोन्हीकडे सारखीच राहते. फरक एवढाच की अनेकवचनाचा अवयव व्यंजनाने मिटतो. विद्यार्थ्याने हे व्यंजन गाळले तर ऐकणाऱ्याला एकवचन ऐकू येते, आणि ई-एन-टी उच्चारला तर काहीच कळत नाही.

'येणे' या क्रियापदात याच कारणाने स्वरही बदलतो. एकवचनात 'व्यॅं' हा अवयव उघडा आहे आणि न ची आठवण म्हणून स्वर नाकातून जातो. अनेकवचनात 'व्यॅन्' असा न स्वतःच परत येतो आणि स्वर नाकातून जाण्याचे थांबते. 'घेणे'चे 'प्रां' आणि 'प्रॅन्' हे तसेच. दोन्ही एकाच वेळी, म्हणजे नाकातला स्वर आणि त्यापुढे न, असा उच्चार मराठी तोंडाला सहज येतो, कारण आपल्या 'पंत', 'अंत' या शब्दांत अनुस्वार म्हणजे न च असतो. इथे सावध राहावे.

अशा क्रियापदांच्या बाबतीत मी अनेकवचन आधी पाठ करून घेण्याच्या मताची आहे. 'पार्त्' येत असेल तर शेवटचे व्यंजन काढून 'पार्' मिळवता येते, पण 'पार्' वरून कोणते व्यंजन परत येणार हे ठरवता येत नाही.

'पार्ले'च्या गटातल्या क्रियापदांत एकवचन आणि अनेकवचन ऐकून ओळखता येत नाही. क्रियापद स्वराने सुरू होत असेल तेवढ्यापुरता फरक उरतो, आणि तो क्रियापदात नसून सांध्यावर असतो. 'तो प्रेम करतो' हे 'इ-लॅम्' असे तुटते; सर्वनामाचा ल पुढच्या स्वराला जाऊन मिळतो. 'ते प्रेम करतात' हे 'इल्-झॅम्' असे तुटते; एरवी मुका असलेला एस इथे झ होऊन क्रियापदाचा आरंभ बनतो. हा झ सैल पडला आणि स झाला तर अर्थ बिघडतो: 'इल्-झों' म्हणजे त्यांच्याकडे आहे आणि 'इल्-सों' म्हणजे ते आहेत.

तिरकी रेघ आणि दुहेरी व्यंजन

'विकत घेणे' या क्रियापदाचे एक रूप सावकाश उलगडून पाहू. धातू ए, सी, एच, ई, टी या अक्षरांचा आहे. 'मी' बरोबर त्याला ई हा मुका प्रत्यय लागतो. प्रत्ययाला आवाज नसल्यामुळे त ला पुढे जायला स्वर मिळत नाही, म्हणून तो मागच्या अवयवात राहून तो अवयव बंद करतो. आता धातूतला ई बंद आणि शेवटच्या, म्हणजे आघाताच्या, अवयवात आला. तिथे या ई चा एरवीचा दुबळा अ टिकत नाही, तिथे 'ॲ' हाच स्वर लागतो. लेखनात हे सांगण्यासाठी ई वर डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ येते: 'आ-शॅत्'. 'आम्ही' बरोबर 'ओं' हा आवाज असलेला प्रत्यय लागतो, तो त ला आपल्याकडे ओढतो, धातूतला ई उघडा पडून क्षीण होतो आणि रोजच्या बोलण्यात गळूनच जातो: 'आश्-तों'. रेघ नाही, कारण 'ॲ' नाही.

मराठी बोलणारा हेच रोज करतो. 'उतर' म्हणताना 'उ-तर्' असे दोन अवयव होतात आणि त मधला अ स्पष्ट असतो; 'उतरा' म्हणताना 'उत्-रा' होऊन तोच अ गळतो; 'उतरला' म्हणताना 'उ-तर्-ला' असा तो परत येतो. आपली लिपी हा बदल दाखवत नाही, फ्रेंच लेखन तो रेघेने दाखवते.

'बोलावणे' या क्रियापदात रेघेऐवजी एल दुहेरी होतो. 'मी बोलावतो' हे 'जा-पॅल्', दोन एल. 'आम्ही बोलावतो' हे 'नू-झा-प्लों', एकच एल. कारण तेच, चिन्ह वेगळे. पूर्वी कोणत्या क्रियापदाला रेघ आणि कोणत्याला दुहेरी व्यंजन हे शब्दकोशात पाहावे लागत असे. ६ डिसेंबर १९९० रोजी फ्रान्सच्या सरकारी राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या लेखनसुधारणांनी 'आप्ले' (बोलावणे) आणि 'जते' (फेकणे) ही दोन कुटुंबे सोडून या गटातल्या बाकीच्या क्रियापदांना रेघेची मुभा दिली. जुने लेखनही चालते, त्यामुळे पुस्तकांत दोन्ही आढळतील. शिकणाऱ्याने नवी पद्धत घ्यावी असे मला ठामपणे वाटते, कारण ती कानाशी प्रामाणिक आहे.

सर्वाधिक चुका भविष्यकाळात होतात. वर्तमानकाळात 'आम्ही' बरोबर रेघ नसते हे पक्के झालेला विद्यार्थी 'आम्ही विकत घेऊ' लिहितानाही रेघ काढून टाकतो. पण भविष्यकाळाचा प्रत्यय लागण्यापूर्वी मध्ये एक मुका ई येतो. त्यामुळे त पुन्हा मागे राहतो, अवयव बंद होतो आणि उच्चार 'आ-शॅत्-रों' असा होतो. भविष्यकाळाच्या आणि संकेतार्थाच्या सर्वच रूपांत रेघ राहते. 'बोलावणे'ही तसेच: 'आ-पॅल्-रों', दोन एल. कर्ता कोणता हे पाहायचे नाही, धातूतला स्वर 'ॲ' ऐकू येतो का एवढेच विचारायचे. 'अधिक पसंत करणे' या क्रियापदाच्या भविष्यकाळात परंपरेने उलटी रेघ लिहितात, जरी उच्चार 'प्रे-फॅर्-रे' असा असतो. वर सांगितलेल्या १९९०च्या सुधारणांनी इथेही कानाला पटणारी रेघ मान्य केली.

हा मधला मुका ई नेहमीच गळतो असे नाही. 'मी प्रेम करीन' हे 'जॅम्-रे' असे दोन अवयवांत होते, पण 'मी बोलेन' हे 'ज पार्-ल-रे' असेच राहते. त्याच्या आधी र आणि ल अशी दोन व्यंजने आहेत. ई गळला तर तीन व्यंजने एकत्र येतील आणि जीभ अडेल. हा तीन व्यंजनांचा नियम भाषाशास्त्रज्ञ मोरीस ग्रामों यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडला. 'आम्ही प्रेम करू असे' या संकेतार्थी रूपात आधी एकच म असला तरी पुढे र आणि य एकत्र येतात, म्हणून तिथेही ई उच्चारला जातो: 'ॲ-म-र्यों'.

य चे अवयव

इथे फार थांबण्याची गरज नाही. 'अभ्यास करणे' याचे 'आम्ही' रूप 'ए-त्यु-द्यों' असे तीन अवयवांचे, पण 'ओरडणे' याचे 'क्रि-यों', कारण क आणि र यांच्या जोडीनंतर य ला स्वतंत्र इ लागते. अपूर्ण भूतकाळात 'आम्ही अभ्यास करत होतो' लिहिताना दोन आय येतात. एक धातूचा, एक प्रत्ययाचा. वाय असलेल्या क्रियापदांत तो वाय दोन आयसारखा वागतो: 'पाठवणे' याचे 'आं-व्ह्वा-यों'. मुका प्रत्यय लागला की वाय जाऊन एकच आय उरतो: 'आं-व्ह्वा'.

पद्धतीला न जुमानणारे एक रूप

'करणे' या अतिशय नित्याच्या क्रियापदाचे 'आम्ही' रूप 'फ-झों' असे आहे, आणि ते ए-आय असे लिहितात. इतरत्र ए-आय म्हणजे 'ॲ' किंवा 'ए', इथे मात्र दुबळा अ. 'मी करत होतो' हेही 'फ-झॅ'. 'तुम्ही करता' मात्र 'फॅत्', कारण अवयव बंद आहे. म्हणजे उच्चार वरच्याच तर्काने चालतो. लेखन तेवढे वेगळ्या वाटेने गेले आहे. हे रूप पाठच करावे.

सराव कसा करावा

पुस्तक मिटून रूप मोठ्याने म्हणावे, ऐकू आलेले स्वर बोटांवर मोजावेत आणि तो आकडा कागदावर लिहावा. मग प्रत्येक अवयव उघडा की बंद हे ठरवावे, आणि त्यानंतरच रूप लिहावे. प्रश्नार्थक रूपांवर ही परीक्षा विशेष चांगली होते, कारण तिथे मुकी व्यंजने बोलू लागतात. 'तो घेतो का?' हे 'प्रां-तिल्'. लेखनात डी असला तरी सांध्यावर त ऐकू येतो. 'तो प्रेम करतो का?' हे 'ॲम्-तिल्'. इथे टी क्रियापदाचा नाही, दोन स्वराक्षरे भिडू नयेत म्हणून तो मुद्दाम घातला जातो. 'ते प्रेम करतात का?' हेही कानाला 'ॲम्-तिल्'च, पण हा त मुक्या ई-एन-टीमधला आहे.

श्रुतलेखनात शेवटी एका जोडीकडे लक्ष द्यावे. 'तो धावत होता' हे 'कू-रॅ' आणि 'तो धावला असता' या अंगाचे संकेतार्थी रूप 'कूर्-रॅ'. पहिल्यात र पुढच्या अवयवाचा आहे. दुसऱ्यात तो दोन्ही अवयवांत वाटला जातो, म्हणून क्षणभर रेंगाळतो आणि लेखनात दुहेरी होतो. 'मरणे' याचेही तसेच. 'मिळवणे' या अर्थाच्या क्रियापदात तर स्वरही बदलतो: 'आ-के-रॅ' आणि 'आ-कॅर्-रॅ'. अवयव बंद झाल्यामुळे 'ए' चा 'ॲ' झाला आणि दुहेरी आरच्या आधी ई वर रेघ द्यावी लागली नाही. 'शकणे' आणि 'पाहणे' यांच्या भविष्यकाळातही दोन आर लिहितात, पण 'पू-रे' आणि 'व्हॅ-रे' असा एकच र उच्चारतात. त्यांचा अपूर्ण भूतकाळ वेगळ्याच धातूवरून होत असल्यामुळे तिथे गोंधळाला जागा नाही आणि र ताणण्याचीही गरज नाही.